नववीत हिंदी मीडियममधून आलेलं मूल तुमच्या वर्गात गप्प बसलंय? सुरुवात इथून करा

आमच्या इंदूरात एप्रिलला सेशन सुरू होतं, महिनाभरात सुट्ट्या लागतात, आणि जूनमध्ये शाळा परत उघडली की नववीच्या वर्गात चार-सहा चेहरे असे दिसतात जे तोंडच उघडत नाहीत. आठवीपर्यंत सरकारी मिडिल स्कूलमध्ये किंवा कॉलनीतल्या छोट्या हिंदी मीडियम शाळेत शिकलेली मुलं, आईबाबांनी पोटाला चिमटा काढून नववीत इंग्लिश मीडियममध्ये घातलेली. माझ्या भाचीने यंदाच टीचर म्हणून जॉइन केलं, तिचा दुसऱ्याच आठवड्यात फोन आला, मावशी गं मी इतकं छान शिकवते तरी मागच्या दोन बेंचवर काही पोचतच नाही, वही कोरी, मान खाली. तिला जे फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगितलं ते इथे नीट लिहून काढतेय, कारण तिच्यासारखे नवीन लागलेले बरेच जण असतील. मी सायन्स शिकवते, 22 वर्षं झाली, त्यामुळे उदाहरणं सायन्सची जास्त येतील, पण एसएसटी म्हणजे इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र आणि मॅथ्सवाल्यांनाही हेच लागू आहे. इंग्लिश सुधारणं हे फक्त इंग्लिशच्या मॅडमचं काम आहे असं समजू नका, कारण मुलाच्या आठ पिरियडपैकी सात तुमच्या-माझ्याकडे असतात.

सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. मुलाला विषय येत नाहीये की इंग्लिश येत नाहीये? ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण रोज त्यांची गल्लत करतो. मीही केलीये. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, एक मुलगी होती, युनिट टेस्टमध्ये रिफ्रॅक्शनच्या प्रश्नाला पूर्ण पान कोरं ठेवलेलं. मी शून्य दिलं आणि रजिस्टरला तिच्या नावापुढे वीक लिहून टाकलं. आठ-दहा दिवसांनी रिसेसमध्ये ती मैत्रिणीला स्टीलच्या ग्लासात चमचा घालून दाखवत होती, देख, पानी में जाते ही टेढ़ा दिखता है, क्योंकि रोशनी की चाल बदल जाती है. मी मागेच उभी होते. माझ्या पूर्ण वर्गात इतकं स्वच्छ कोणीच सांगितलं नव्हतं. तिला अपवर्तन येत होतं, रिफ्रॅक्शन येत नव्हतं, आणि मी शून्य कशाला दिलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून पहिल्या आठवड्यातलं काम शिकवण्याचं नाही, ओळख करून घेण्याचं. प्रत्येक नव्या मुलाला पाच-सात मिनिटं एकटं बसवा, वर्गासमोर नाही, लायब्ररीत किंवा व्हरांड्यात. घरी काय बोलतात ते विचारा. इंदूरात ह्याचं उत्तर सरळ नसतं, आई मालवी बोलते, बाबा हिंदी, आजी निमाडी, कोणाकडे सिंधी, कोणाकडे उर्दू, आणि आपल्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरच्या मुलांकडे घरात मराठी, दारात हिंदी. मग चार छोट्या गोष्टी करून घ्या. इंग्लिशच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा. फळ्यावरच्या तीन ओळी उतरवून घ्या, किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. दोन सोप्या सूचना इंग्लिशमध्ये द्या, पुस्तक उघड, पान 12 काढ, आणि करतो का बघा. शेवटी मागच्या वर्षी शिकलेल्या एका धड्याबद्दल हिंदीत बोलतं करा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच कळतं की डोक्यात काय आहे. आणि हो, थोडं हिंदी वाचूनही घ्या. हिंदी झरझर वाचत असेल तर प्रश्न इंग्लिशचा आहे. हिंदी वाचतानाही तेवढंच अडखळत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, तर मात्र स्पेशल एज्युकेटरशी, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या खास टीचरशी बोला, तिथे नुसतं इंग्लिश शिकवून भागणार नाही. हे सगळं वहीच्या एका पानावर तारीख घालून लिहून ठेवा, पुढे लागतं.

आता गप्प बसण्याबद्दल. नवी भाषा ऐकायला मिळाली की मूल आधी बराच काळ नुसतं ऐकतं, बोलत नाही, हे अगदी नॉर्मल आहे, कधी काही आठवडे तर कधी काही महिनेही जातात. त्याला उभं करून सगळ्यांसमोर स्पीक इन इंग्लिश म्हणणं बंद करा. एका शाळेत मी असताना हिंदी बोललं की दहा रुपये फाइन होता, त्यातून मुलं इंग्लिश नाही शिकली, गप्प राहायला शिकली. त्याऐवजी त्याला न बोलता उत्तर देता येईल असं काहीतरी द्या, चित्रावर बोट ठेव, खरं असेल तर अंगठा वर कर, चार चिठ्ठ्या क्रमाने लाव. आणि प्रश्न विचारला की थांबा. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांतलं हे थांबणं चक्क मोजलं होतं, टीचर लोक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. आपल्या मुलाला तर प्रश्न आधी हिंदीत न्यायचा असतो, उत्तर शोधायचं, मग ते परत इंग्लिशमध्ये आणायचं. मी मनात दहापर्यंत मोजते. सुरुवातीला ती शांतता खूप खुपते, हळूहळू सवय होते.

दुसरा घोळ ह्याच्या बरोबर उलटा. दिवाळीपर्यंत काही मुलं कॉरिडॉरमध्ये मॅम मे आय गो टू वॉशरूम, मॅम ही इज टीझिंग मी असं फाडफाड बोलायला लागतात, आणि आपण म्हणतो चला, ह्याचं इंग्लिश झालं. नाही झालेलं. जिम कमिन्स ह्या कॅनडातल्या अभ्यासकाने 1979 मध्येच हा फरक मांडला होता, रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकाची, अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. आपल्याकडे नववी-दहावी मिळून दोन वर्षं, आणि पुढे बोर्ड! म्हणजे भाषा पूर्ण येईपर्यंत विषय थांबवून ठेवता येत नाही, दोन्ही बरोबरच चालवावं लागतं. आणि त्यासाठी हिंदी-मराठीचा आधार घ्यावाच लागतो. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

प्रिन्सिपल किंवा कोऑर्डिनेटर हटकतील, वर्गात हिंदी का म्हणून, तर नम्रपणे सांगा की 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत व त्यापुढेही घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय, आणि सीबीएसईने जुलै 2023 मध्ये शाळांना भारतीय भाषा पर्यायी माध्यम म्हणून वापरायची मोकळीक दिलीये. आपण पूर्ण पिरियड हिंदीत घ्यायचा म्हणत नाही आहोत, पाच मिनिटांचं बोलतोय.

हा हिंदीचा आधार द्यायचा कसा? एनसीईआरटीचं पुस्तक हिंदी आणि इंग्लिश दोन्हीत निघतं, धडे तेच, चित्रं तीच, प्रश्नांचा क्रम तोच, आणि दोन्हींच्या पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट आहेत. मुलाला हिंदी पुस्तकही ठेवायला सांगा, आदल्या रात्री उद्याचा धडा त्यातून वाचून यायचा, बस. दुसऱ्या दिवशी तुम्ही इंग्लिशमध्ये शिकवता तेव्हा त्याला गोष्ट आधीच माहीत असते, त्याचं सगळं लक्ष शब्दांवर जातं. माझ्या अनुभवात ह्या एका उपायाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच वर्कशीटने पडला नाही. उलट क्रम करू नका बरं का, आधी इंग्लिश ऐकवून मग लगेच प्रत्येक वाक्याचं हिंदी सांगत गेलात तर मूल इंग्लिश ऐकणंच सोडून देतं, त्याला माहीत असतं की मागून हिंदी येतंच आहे.

मराठी घरातल्या मुलांबाबत एक सांगते. आपल्याला वाटतं आपण मराठी, मूल मराठी, तर मराठीतून समजावू, पण इंदूरच्या मराठी मुलाने सायन्सचे शब्द शाळेत हिंदीतूनच ऐकलेले असतात, त्यामुळे पारिभाषिक शब्द हिंदीच द्या, मराठी ठेवा धीर द्यायला आणि गप्पांतून समजवायला. तेवढंही पुष्कळ होतं. हां गं, जमतंय तुला, एवढं मराठीत ऐकून मुलगी सैल होऊन बसते हे मी कितीदा बघितलंय.

आता शब्द. इथे थोडी जास्त रेंगाळते कारण खरी अडचण इथेच आहे. नवीन टीचर फोटोसिंथेसिस, मायटोकॉन्ड्रिया असे मोठे शब्द घोकून घेतात, पण त्या शब्दांना वर्गातली सगळीच मुलं नवी असतात, तिथे आपलं मूल मागे नाही. प्रकाश संश्लेषण त्याला माहीत आहे, नुसतं लेबल बदलायचंय. मुलं अडतात ती मधल्या शब्दांवर, जे कुठल्याच धड्याच्या मागे जाड टायपात दिलेले नसतात. अनलेस, ऑलदो, व्हेअरअॅज, हेन्स, रिस्पेक्टिव्हली. आणि प्रश्नात काय करायला सांगितलंय ते शब्द, डिफाइन, स्टेट, एक्सप्लेन, जस्टिफाय, डिस्टिंग्विश. मी दरवर्षी असे 15 शब्द चार्ट पेपरवर लिहून वर्गात लावते, प्रत्येकापुढे हिंदीत एकच ओळ, की हा शब्द आला की काय लिहायचं. डिफाइन म्हणजे परिभाषा, एक-दोन वाक्यं, उदाहरण नको. डिस्टिंग्विश म्हणजे मधे रेघ ओढून फरक दोन बाजूंना. जस्टिफाय म्हणजे क्योंकि आलंच पाहिजे. आणि नॉट हा शब्द प्रश्नात दिसला की पेन्सिलने गोल करायचा. विच ऑफ द फॉलोइंग इज नॉट अशा प्रश्नात मुलं तो नॉट गिळून टाकतात आणि येत असलेलं उत्तर चुकवून बसतात.

तिसरा प्रकार फसवा. रोजच्या अर्थाने माहीत असलेला शब्द विषयात वेगळाच निघतो. वर्क म्हणजे काम, मग डोक्यावर सामान घेऊन स्टेशनवर उभा असलेला हमाल वर्क करतोय का? मूल म्हणणार हो, भरपूर. फिजिक्स म्हणतं शून्य, कारण सामान जागचं हललंच नाही. तसंच टेबल, सेल, मीडियम, सोल्यूशन, मॅथ्समधले मीन, रूट, प्रॉडक्ट, ऑड. प्रॉडक्ट म्हटलं की मुलाच्या डोळ्यासमोर दुकान येतं. असे शब्द धड्याच्या आधीच काढून ठेवा, एका धड्यात सहा-सातपेक्षा जास्त नको.

वहीत चार खाने करायला लावा, शब्द, हिंदी अर्थ, छोटं चित्र, आणि स्वतःचं एक वाक्य. शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहू द्यावा का हे मला नेहमी विचारतात. माझं मत असं की ह्या वहीत पेन्सिलने लिहू द्या, वेड्नस्डे नाही वेन्ज्डे हे त्याशिवाय कळणार कसं, पण पुस्तकात अजिबात नाही. पुस्तकात लिहिलं की डोळा फक्त देवनागरीवर जातो, मूळ इंग्लिश स्पेलिंग तो बघतच नाही.

मॅथ्सवाल्यांसाठी एक खास. फाइव्ह लेस दॅन अ नंबर. मुलं डावीकडून वाचत जातात आणि पाच वजा एक्स लिहितात. चूक मॅथ्सची नाहीच. त्याला म्हणा हे वाक्य हिंदीत सांग, तो म्हणेल किसी संख्या से पाँच कम, आता संख्या आधी आली, आणि हात आपोआप एक्स वजा पाच लिहितो. आपल्या भाषेची रचना इथे इंग्लिशपेक्षा सरळ आहे, तिचा फायदा घ्या की!

बोलायला लावायचं ते वाक्याचा सांगाडा देऊन. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आय थिंक डॅश बिकॉज डॅश, आणि दुसरं, धिस इज डिफरंट फ्रॉम दॅट बिकॉज. आधी शेजारच्याशी बोलू द्या, हवं तर हिंदीत, मग एकाने इंग्लिशमध्ये सांगायचं. जोडी लावताना वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाशेजारी बसवू नका, तो सगळं स्वतःच बोलून टाकतो. मायाळू, दोन्ही भाषा येणारं, थोडं धीराचं मूल शोधा. विषय मुलाच्या ओळखीचे घ्या. व्हाइल आणि व्हेअरअॅज शिकवायला मी आमचा सराफा बाजार घेते, दिवसा सोनं-चांदी विकतात आणि रात्री तिथेच खायच्या गाड्या लागतात, ह्यावर एक वाक्य प्रत्येकाला येतंच. प्रयोग लिहिताना इंग्लिशमध्ये जी कर्मणी रचना लागते, द गॅस इज कलेक्टेड वगैरे, त्याला पोहे. पोहे धुतले जातात, वाफवले जातात, वरून शेव आणि जीरावन मसाला घातला जातो. आधी हिंदीत तोंडी, मग इंग्लिशमध्ये सहा ओळी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच साच्यात ऑक्सिजनचा प्रयोग लिहायचा. पोह्यांवर कोणाचंच पान कोरं राहिलेलं मी पाहिलं नाही, आपल्याला येतं ही भावना त्या दिवशी पहिल्यांदा येते.

लिहिलेलं तपासताना लाल पेनाने पान रंगवू नका. एका वेळी एकच प्रकारची चूक धरा. आणि चूक का होते ते जाणून घ्या. हिंदीवालं मूल ही इज गो लिहितं, कारण डोक्यात वह जाता है चाललेलं असतं आणि शेवटच्या है साठी त्याला इज हवाच असतो. मराठी मुलाकडून हे कमी होतं, आपलं तो जातो हे आहेशिवायच पूर्ण आहे, पण तो एस विसरतो, ही गो. अ आणि द तर दोघांकडेही नाहीत, ते शेवटी येतील, त्यावर नववीत वेळ घालवू नका. यू आर व्हेअर गोइंग असा प्रश्न का बनतो? तुम कहाँ जा रहे हो, तू कुठे जातोयस, कर्ता आधी, म्हणून. हे मुलाला दाखवून दिलं की त्याला वाटतं मी ढ नाही, माझ्या भाषेची सवय मधे येतेय. आणि विषयाच्या पेपरमध्ये मुद्दा बरोबर असेल तर ग्रामरचे मार्क कापू नका, सायन्समध्ये सायन्स तपासा. लेबल लावलेली आकृती आणि दोन मोडकी वाक्यं ह्यातून समज दिसत असेल तर मार्क द्या.

दहावीचा विचार नववीतच करा. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्लिश पेपरमध्ये 80 पैकी 20 मार्क न पाहिलेले उतारे वाचण्याचे, 20 लेखन-व्याकरणाचे, 40 पुस्तकाचे. ते पहिले 20 पाठ करून मिळत नाहीत, म्हणून रोज दहा मिनिटं अनोळखी मजकूर वाचायला द्या, पेपरातली छोटी बातमी, बसचं वेळापत्रक, औषधाच्या डब्यावरची सूचना, काहीही. पेपरच्या आधी वाचायला 15 मिनिटं मिळतात, त्यात काय करायचं ह्याची सवयही वर्गात लावा, प्रश्न आधी वाचायचे, नॉट आणि ओन्लीला गोल करायचा, मग उतारा.

पालकांशी बोलताना हिंदीत बोला, मराठी घर असेल तर मराठीत, आणि खुर्ची द्या. इंग्लिश मीडियमच्या शाळेत पाऊल टाकतानाच ते घाबरलेले असतात. त्यांना एक चुकीचा सल्ला सगळीकडून मिळतो, घरी मुलाशी इंग्लिशच बोला. कृपा करून हे सांगू नका. त्यांना जेवढं येतं तेवढ्यात संभाषण दोन वाक्यांवर येतं आणि घरातल्या गप्पाच बंद होतात. त्याऐवजी सांगा, रात्री जेवताना विचारा आज शाळेत काय शिकवलं, आणि आपल्या भाषेत पूर्ण सांगायला लावा. ज्या मुलाला आईला हिंदीत पचनसंस्था समजावून देता येते त्याच्याकडे इंग्लिशमध्ये लिहायला काहीतरी असतं. एकदा एका आईने मला विचारलं, मैडम हम तो पढ़े नहीं, हम क्या मदद करें, मी म्हटलं तुम्ही फक्त ऐका आणि फिर क्या हुआ म्हणत रहा. तिने वर्षभर ते केलं. मुलगा फर्स्ट डिव्हिजनला आला नाही, पण सायन्समध्ये छान पास झाला आणि पीटीएमला, म्हणजे पालकसभेला, स्वतः पुढे होऊन माझ्याशी इंग्लिशमध्ये चार वाक्यं बोलला.

एकट्याने हे सगळं ओढू नका, स्टाफरूममध्ये बाकीच्या टीचर्सना धरा, निदान शब्दांचा चार्ट आणि वहीचे चार खाने सगळ्या विषयांत सारखे ठेवा, नाहीतर मूल प्रत्येक पिरियडला नवी पद्धत शिकत बसतं. दर दोन महिन्यांनी त्याच परिच्छेदाचं वाचन परत घ्या, तेच घड्याळ, तीच वही, आणि फरक मुलाला दाखवा. मार्चमध्ये ते पान पूर्ण भरलेलं असेल, कुठून सुरुवात झाली, कशाने फायदा झाला, कुठे अजून अडतंय. त्याची फोटोकॉपी काढा आणि दहावीच्या क्लास टीचरच्या हातात स्वतः नेऊन द्या, नुसतं टेबलावर ठेवून येऊ नका, दोन मिनिटं उभं राहून सांगा की हे मूल गप्प दिसलं तरी त्याला येतं, आधी हिंदीत विचारून बघा.